टाळू

'इचुयशानां तालु' हे वाक्य आपल्या शाळेत संस्कृतच्या तासाला प्रत्येक तुकडीने घोकले आहे. इ, च-वर्ग, य आणि श यांचे उच्चारस्थान टाळू. परीक्षेत त्याला एखादाच गुण असे. मराठीची कितीतरी रूपे मात्र त्याने उलगडतात, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

जिभेचे टोक वरच्या दातांपासून मागे सरकवा. आधी हिरडीचा खडबडीत उंचवटा, मग टणक हाड, त्यामागे मऊ पडदा आणि त्याच्या टोकाला पडजीभ. तालव्य वर्ण टणक भागावर होतात. 'श' म्हणायच्या बेतात जीभ ठेवून श्वास आत ओढा. गार लागेल ती जागा.

आता 'माझा' म्हणा आणि लगेच 'माझी'. पहिला झ दातांमागे, दुसरा टाळूपाशी. ई मुळातच तालव्य, ती झ-ला आपल्याकडे ओढून घेते. 'माझ्या'मध्ये य तेच करतो. पैसा-पैशाला, ससा-सशाला, घसा-घशात यांतला श असाच आला: सामान्यरूपातला 'या' स-मध्ये मिसळला. मुले 'घसात' लिहितात तेव्हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा जीभ कुठे जाते ते दाखवावे. पुण्यात आता अमराठी घरांतली मुलेही मराठी शाळांत येतात. ती 'चूल', 'चाक' टाळूवरून म्हणतात, कारण 'चार' आणि 'चारा' यांतला फरक लिपी दाखवतच नाही. टोक दातांमागे टेकवून 'त्स' म्हणायला लावले की जमते.

शब्द आला संस्कृत 'तालु'वरून. फल-फळ, काल-काळ तसा ल-चा ळ. ताल-टाळी तसा त-चा ट. म्हणजे 'टाळू'तली दोन्ही व्यंजने तालव्य नाहीत, मूर्धन्य आहेत! मूर्धा म्हणजे डोके, आणि तोंडाच्या छताचा उंच भागही. मराठीत टाळूचेही तसेच झाले. तोंडातली टाळू आणि माथ्यावरची टाळू, शब्द एकच.

बाळाच्या माथ्यावरची पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत. ती भरते हाडे वाढल्यामुळे, तेलामुळे नव्हे. जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातले पाणी कमी झालेले असते; अशा वेळी तेल थापत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.