दि मात्तेओ कोण?

दुपारी भाचा लोळत पडून मोबाइलवर फुटबॉलची क्विझ खेळत होता. लंडनच्या चेल्सी क्लबनं पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली तेव्हा मॅनेजर कोण? त्यानं बेधडक मोरिन्योवर बोट ठेवलं आणि लाल फुली आली. "रोबेर्तो दि मात्तेओ? हा कोण रे मामा?"

पोराचं काय चुकलं म्हणा! 2012 ची ती म्युनिकमधली फायनल, समोर बायर्न म्युनिक; त्या रात्रीचा चेल्सीचा स्ट्रायकर द्रोग्बा सगळ्यांना आठवतो. 88व्या मिनिटाचं हेडर, मग शेवटची पेनल्टी. माझीच खोड वाईट. जिंकलेल्या संघाच्या फोटोत करंडक कुणाच्या हातात आहे ते मी बघत नाही, कडेला कोण उभं आहे ते शोधतो. घरातल्या लग्नाच्या अल्बमचंही तेच, म्हणून बायको माझ्या हाती अल्बम देत नाही.

दि मात्तेओ तसा कडेचाच. आईबाप इटलीचे, जन्म स्वित्झर्लंडमधला. चेल्सीचा 16 नंबरचा मिडफिल्डर. 1997 च्या एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या फायनलमध्ये पाऊण मिनिटही झालं नव्हतं, तेवढ्यात यानं लांबून असा फटका हाणला की बॉल क्रॉसबारला चाटून आत! वाटलं, हे नाव आता कायमचं कोरलं गेलं. 2009 च्या फायनलमध्ये एव्हर्टनच्या साहानं 25 सेकंदांत गोल करून तेही खोडलं, आणि तोही चेल्सीवरच. पुढे याच फायनलमध्ये मँचेस्टर सिटीच्या गुंडोआनला तर 13 सेकंदही लागले नाहीत. दि मात्तेओचा पाय मोडला तोही स्वित्झर्लंडमध्येच, सेंट गॅलनविरुद्ध. 31व्या वर्षी खेळ संपला.

आता म्युनिक. नशीब, दुसरं काय, असं म्हणणारे खूप भेटतात. नशीब होतंच, बायर्ननं त्या दिवशी काय काय घालवलं! पण कॅप्टन टेरीसकट चार जण निलंबित असताना, ज्यानं चॅम्पियन्स लीगचा एकही सामना खेळला नव्हता त्या रायन बर्ट्रंडला थेट फायनलमध्ये उतरवायचं, हे नशिबानं ठरवलं नव्हतं. आणि मार्चमध्ये तात्पुरता म्हणून खुर्चीत बसवलेल्या माणसानं! मी तर टीव्हीसमोर कपाळाला हात लावला होता.

जूनमध्ये दोन वर्षांचा करार झाला. नोव्हेंबरात तुरीनला युव्हेंटसनं तीन गोल चढवले आणि दुसऱ्याच दिवशी नारळ.

मार्च 2015 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्येच त्याचा नवा संघ, जर्मनीचा शाल्के, रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर 4-3 असा हरवून आला. समोरच्या बाकावर रेआलचा मॅनेजर अन्चेलोत्ती, तोही इटलीचा जुना मिडफिल्डर, पण अन्चेलोत्तीचं नाव क्विझमध्ये कुणी चुकत नाही. पहिला सामना शाल्के 0-2 हरला होता, त्यामुळे दोन्ही मिळून 5-4. पुढच्या फेरीत गेले अन्चेलोत्तीच.