दोन सोल्यूशनं

दुपारी खिडक्या उघडून, माशांच्या टाकीचे पाईप जोडायला पीव्हीसीच्या सोल्यूशनचा डबा उघडला की टाकीआधी सायकलचं दुकान आठवतं. वास वेगळा, नाव मात्र तेच. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधायचे, ती जागा कानशीने खरवडायची, सोल्यूशन चोपडायचं आणि फुंकर घालत थांबायचं. भोवती उकिडवी बसलेली पोरं घाई करायची. "सुकू दे रे!" सुकल्याशिवाय ठिगळ लागत नाही, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसतं.

आणि तीच शिकवण पाईपाचा जॉइंट बिघडवते. इथे सुकलं की संपलं. हे सोल्यूशन चिकटवत नाही, प्लास्टिकच विरघळवतं. पाईप आणि एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, एकमेकांत मुरतात. सोल्यूशनआधी लावायच्या प्रायमरचंही तसंच. भिंतीचा वाळू द्यायचा, पाईपाचा ओला असतानाच त्यावर सोल्यूशन लावायचं. आपल्याकडे प्लंबर बहुधा प्रायमर लावतच नाहीत. जांभळा प्रायमर तर तो लावलाय हे तपासनिसाला दिसावं म्हणून. टाकीखाली ते ओघळ कुणाला हवेत? बिनरंगी घ्यावा.

खरी गंमत मापात आहे. एक इंची पांढऱ्या प्लंबिंग पाईपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, शेतीच्या राखाडी पाईपाचा ३२. दुकानात दोन्ही 'एक इंची'च. राखाडी पाईप पांढऱ्या एल्बोत सैल बसतो, आणि ती फट सोल्यूशनने कधीच भरत नाही. जोडीचा पाईप कोरडाच घालून बघावा: सॉकेटमध्ये, म्हणजे एल्बोच्या पोकळ तोंडात, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. सोल्यूशन लागल्यावर मात्र तो तळापर्यंत सरकतो, म्हणून लांबी मोजताना सॉकेटची पूर्ण खोली धरायची. हे विसरलं की पंपापर्यंतचा पाईप नेमका एक सेंटिमीटर आखूड भरतो. एल्बोचं तोंड कुठे हवं त्याची पेन्सिलने रेघही आधीच मारलेली बरी. नंतर विचार करायला वेळ नसतो.

पाईप काटकोनात कापावा, कापलेल्या कडेची खरखरीत कूस पॉलिश पेपरने काढावी, नाहीतर ती सोल्यूशन खरवडून पुढे ढकलते. पाईपावर भरपूर, सॉकेटमध्ये पातळ, पुन्हा एकदा पाईपावर. आत ढकलून पाव फेरा द्यायचा आणि तीस सेकंद धरून ठेवायचं. सॉकेट आत निमुळती असते, सोडलं की ती पाईपाला हळूच बाहेर ढकलते. जॉइंटभोवती सोल्यूशनची अखंड कड दिसली की झालं. उरलेलं फडक्याने पुसावं.

टाकीच्या भोकात बसणाऱ्या निपलच्या आट्यांना सोल्यूशन लावू नये, तिथे रबरी वॉशर पुरतो. पंपाच्या बाजूला युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारा जोड, हवीच, कारण मुरलेला जॉइंट फक्त करवतीने सुटतो. कोळंब्या पाळत असाल तर पितळी आट्यांची फिटिंग टाळा. त्यातलं तांबं त्यांना सोसत नाही.

मग चोवीस तास थांबायचं, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि पाईप साध्या पाण्याने धुऊन घ्यायचे. डब्यातलं जेमतेम पाव सोल्यूशन संपलेलं असतं. उरलेलं वर्षभरात जेलीसारखं घट्ट होतं, आणि थिनर घालून ते परत कामाला येत नाही. तरी झाकण घट्ट लावून डबा माळ्यावर जातोच.