आरव्हीच्या छतावरचा अँटेना अडला तर

अमेरिकेत आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, फिरताना छताकडे लक्ष दिलंत तर बऱ्याच गाड्यांवर वटवाघळाच्या पंखांसारखा एक अँटेना आडवा पडलेला दिसेल. आतल्या छताला एक छोटं हँडल असतं. ते बाणाच्या दिशेने साधारण 13 वेळा फिरवलं की अँटेना उभा राहतो. त्याच जागी असलेली मोठी मूठ खाली ओढून फिरवली की त्याचं तोंड वळतं. इथे स्थानिक वाहिन्या आजही हवेतून फुकट मिळतात. 2009 साली मोठ्या केंद्रांचं प्रक्षेपण डिजिटल झालं, तरी त्यासाठी नवा अँटेना लागत नाही. वाइनगार्ड कंपनीचा 'सेन्सार' हा जुना अँटेनाही चालतो.

मूठ जड झाली की माणूस दोन्ही हातांनी जोर लावतो, आणि खरं नुकसान तिथेच होतं. अँटेना जिच्यावर फिरतो ती गिअरची पेटी आणि छतावरची पाटी यांच्यामध्ये एक रबरी रिंग असते. उन्हाने ती कोरडी पडते आणि चिकटते. जोर लावलात की गिअरचे दात जातात, रिंग मात्र तिथेच राहते.

उपाय सोपा आहे. अँटेना वर करा, छतावर चढा आणि फिरणाऱ्या पेटीवरचा छोटा स्क्रू काढा. त्या भोकात आणि पेटीच्या कडेने सगळीकडे सिलिकॉन स्प्रे मारा. आता आतल्या माणसाला मूठ हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. स्प्रे रिंगभर पसरला की हाताला फरक लगेच कळतो. मग स्क्रू परत बसवा. वर-खाली करणारा गिअर जड असेल तर अँटेना खाली असताना त्यावर भरपूर स्प्रे मारून तो चार-पाच वेळा वर-खाली करा. गंज सोडवायचं तेल किंवा साधं ग्रीस इथे वापरू नका. पेट्रोलियमने रबर फुगतं, आणि पुष्कळ आरव्हींचं छतही रबराचंच असतं.

हँडल फिरतंय पण अँटेना हलत नाही, असं असेल तर आधी हँडलचा बारीक स्क्रू अ‍ॅलन कीने आवळून बघा. तो सैल झाला की हँडल दांड्यावर नुसतंच फिरतं. स्क्रू घट्ट असूनही तेच होत असेल तर गिअर झिजलाय, तो बदलावा लागतो.

चित्र येत नसेल तर मात्र यंत्राला हात लावण्याआधी वीज तपासा. अँटेनाच्या डोक्यातच सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला 12 व्होल्ट त्याच केबलमधून मिळतात. भिंतीवरच्या बटणाचा दिवा लागलाय का ते बघा. मग बटण बंद करून वरच्या टोकाची केबल सोडवा, बटण चालू करा आणि मल्टिमीटरचं एक टोक मधल्या तारेला, दुसरं बाहेरच्या धातूला लावा. भिंतीपाशी 12 व्होल्ट आहेत पण वर काहीच नाही, तर केबल तुटली आहे. ती बहुतेक वेळा खांबाच्या वळणावर तुटते, कारण दर वेळी ती तिथेच वाकते. नवी घालताना तिथे सैल वळसा ठेवा आणि कनेक्टर बाहेरच्या हवेत टिकणारा घ्या. वरपर्यंत वीज पोचते आणि तरी चित्र नाही, तर अ‍ॅम्प्लिफायर गेला असं धरायला हरकत नाही. मध्ये कुठे साधा स्प्लिटर, म्हणजे केबलचे फाटे करणारा तुकडा, असेल तर तो आधी काढून बघा. तो वीज अडवतो.

केबल जिथून आत शिरते तिथला जुना लेप तडकलेला असतोच. रबरी छतावर बाथरूमचं सिलिकॉन धरत नाही. आरव्हीसाठी मिळणारा, आपोआप सपाट पसरणारा लेप लावा. छतावर चालताना पाय आडव्या तुळयांवर ठेवा. मधला भाग पातळ असतो.

अँटेना खाली घेताना मुठीवरचा बाण छताच्या पाटीवरच्या बाणाशी जुळलेला हवा. तो जुळला नसेल तर अँटेना एसीच्या झाकणावर आदळतो. वर करण्याआधी बाहेर येऊन फांद्या आणि विजेच्या तारा बघा. सगळ्यात महाग चूक म्हणजे अँटेना खाली न घेताच गाडी हलवणं. म्हणून अँटेना वर केल्या केल्या एक लाल फीत स्टिअरिंगला बांधायची सवय लावा. अँटेना उचलणाऱ्या खांबाच्या नळ्या आधीच वाकून तो खाली येत नसेल तर हँडलशी झटू नका. नळ्यांच्या पिनांच्या क्लिपा काढून डोकं सोडवा आणि आत ठेवा. उरलेला खांब दोरीने बांधून गाडी दुरुस्तीला न्या.

दुरुस्तीनंतर टीव्हीवर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्या. डिजिटल सिग्नल कमी पडला की चित्राला मुंग्या येत नाहीत, ते चौकोनांत फुटतं आणि थांबतं. तेव्हा मूठ एकदम न फिरवता थोडी थोडी फिरवा, आणि दर वेळी चार-पाच सेकंद थांबून बघा.