दोन्ही ‘सुधारित’च

नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला शिकणारी माझी भाची दिवाळीत वडोदऱ्याला आली, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डच प्रोटेस्टंट चर्चच्या दोन नावांवर बराच वेळ बोलणे झाले. ‘हेरफॉर्म्ट’ आणि ‘खेरेफोर्मेर्ट’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘सुधारित’ असाच होतो. तरीही १८३४ साली आणि पुन्हा १८८६ साली (या वेळी धर्मशास्त्रज्ञ अब्राहम कायपर यांच्या नेतृत्वाखाली) जे लोक जुन्या ‘हेरफॉर्म्ट’ चर्चमधून बाहेर पडले, त्यांच्या ‘खेरेफोर्मेर्ट’ परंपरेने आपल्या शाळा आणि वृत्तपत्रेही स्वतंत्र ठेवली. १९४४ मध्ये, जर्मन ताब्याच्या ऐन काळात, बाप्तिस्म्याच्या अर्थावरून त्यांच्यातच फूट पडली, हे मला फार अस्वस्थ करते. २००४ मध्ये ‘हेरफॉर्म्ट’ व ‘खेरेफोर्मेर्ट’ ही दोन्ही चर्च लुथरन चर्चसह एक झाली, पण काही मंडळ्या तेव्हाही वेगळ्याच राहिल्या.