७.७ लिटरची कॅबिनेट ९.५५ लिटरची कशी झाली

तर झालं असं की ऑफिसनी हायब्रिड केलं आणि माझं महिन्यातून दोन आठवडे पुणे, दोन आठवडे कराड असं सुरू झालं. जुना टॉवर कॉम्प्युटर काय एसटीतून न्यायची वस्तू नाही. लॅपटॉप घे असं सगळ्यांनी सांगितलं, बायकोनी तर दोनदा, पण आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक कार्ड घेऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि ते विकायचं मन होईना. मग डोक्यात आलं की सॅकमध्ये बसेल एवढी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, आपणच डिझाइन करू. (आमच्या घरी अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, मी समजावणं सोडून दिलंय.)

तयार का नाही घेतली, तर बघितल्या होत्या. या सगळ्या छोट्या कॅबिनेटच्या मुळाशी मिनी आयटीएक्स हा छोटा मदरबोर्ड आहे, १७० बाय १७० मिमी, व्हिया कंपनीनी २००१ साली आणलेला. त्यावर पुढे हौशी लोकांनीच कॅबिनेट काढल्या, एनकेस एम१ ही १२.६ लिटरची, मग जर्मनीतल्या डॅनियल हॅन्सननी डॅन ए४ काढली, ७.२ लिटर, २०१६ ला किकस्टार्टरवर (लोकांकडून आधी पैसे गोळा करायची वेबसाइट). डॅन ए४ मधली आयडिया मला फार आवडते, मध्ये एक उभा पत्रा, त्याच्या एका अंगाला बोर्ड, दुसऱ्या अंगाला पाठीला पाठ लावून ग्राफिक कार्ड, आणि दोघांना जोडायला रायजर केबल. याला सँडविच लेआउट म्हणतात. पण इथे बसून असलं काही मागवायचं तर शिपिंग आणि कस्टम धरून किंमत कुठल्या कुठे जाते, आणि खरं सांगायचं तर मला स्वतः करायची खाज होती.

लिटर म्हणजे फक्त लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. आईला सांगितलं तर म्हणाली कुकर पाच लिटरचा असतो, तुझा कॉम्प्युटर सात लिटरचा म्हणजे मोठाच की. मुद्दा बरोबर आहे तिचा.

माझं पहिलं ड्रॉइंग होतं ३०० बाय १३२ बाय १९५, म्हणजे ७.७ लिटर. दोन दिवस स्वतःवर जाम खूश होतो. बोर्ड १७०, एसएफएक्स (छोट्या मापाचा) पॉवर सप्लाय १२५ बाय १०० बाय ६३.५, प्रोसेसरचा कूलर थर्मलराइटचा ४७ मिमी उंचीचा, कार्ड दोन स्लॉटचं म्हणजे ४० मिमी, सगळे ठोकळे स्क्रीनवर एकदम मस्त बसत होते, कुठे अर्ध्या सेंटीमीटरची पण जागा वाया नाही. आता कळतंय की ठोकळे बसणारच, त्यांना काय होतंय.

मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा होता माळ्यावर, तो कापून खऱ्या मापाचं मॉडेल केलं आणि त्यात खरे पार्ट ठेवले. आणि हे जर कुणी करणार असेल तर माझं ऐका, कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाण्याआधी पुठ्ठा कापा, चिकटपट्टी लावा, दोन तास जातील पण जाऊ देत.

पहिलं म्हणजे झाकणच लागेना. कूलर ४७ मिमीचा आहे तो प्रोसेसरच्या वरच्या टोपीपासून मोजलेला असतो, बोर्डापासून नाही. बोर्डाच्या वर सॉकेट आणि प्रोसेसर मिळून अजून सात-आठ मिमी जातात आणि मी ते धरलेच नव्हते. रुंदी १३२ ची १४० झाली. लिटर ८.२.

दुसरं जास्त लागलं. लांबी ३००, त्यात बोर्ड १७० आणि पॉवर सप्लाय १००, उरले ३०, ते मी «वायरिंग» असं लिहून सोडलेले. आता चोवीस पिनचा कनेक्टर हातात घेऊन बघा. नुसतं प्लास्टिकच केवढं उंच आहे, त्यातून चोवीस वायरी निघतात, त्या काय लगेच काटकोनात वळत नाहीत, शाळेतल्या पोरींच्या घट्ट वेणीसारखी ती जुडी ताठ उभी राहते. आणि ती वळवली तरी कनेक्टरचा खटका दाबायला बोट जायला पाहिजे, माझं बोट काही ड्रॉइंगमध्ये नव्हतं. लांबी ३२५. आणि ग्राफिक कार्डाचा आठ पिनचा प्लग वरच्या कडेला आहे, तिथेही तेच, प्लगच्या वर वायर वळायला जागा पाहिजे. उंची १९५ ची २१०. झाले ९.५५ लिटर. म्हणजे जवळपास दोन लिटर मी फक्त अशा गोष्टींना दिले ज्या कुणी ड्रॉइंगमध्ये काढतच नाही. बारा पिनवाली नवी कार्डं आहेत त्यांचं तर अजून अवघड, ती वायर कनेक्टरपासून ३५ मिमी तरी सरळ ठेवा म्हणतात. बरं झालं माझं कार्ड जुन्या वळणाचं आहे.

पत्रा १.२ मिमीचा सीआरसीए (पोलादाचा साधा पत्रा) घेतला. ॲल्युमिनियम हलकं पडलं असतं, पण भोसरीत ज्यांच्याकडे जॉबवर्क दिलं त्यांच्याकडे पडलेला होता तो हाच, आणि एका नगासाठी कोण वेगळी शीट मागवणार. ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. जाळीची भोकं बघून लेझरवाला पोरगा माझ्याकडे बघत राहिला. ४ मिमीचं भोक, ५ मिमीच्या अंतरावर, मधमाशीच्या पोळ्यासारखं, यात ५८ टक्के जागा मोकळी राहते (३ चं भोक ४ वर घेतलं तर ५१ च). पण दीडशे बाय दीडशेच्या चौकोनात अशी हजारेक भोकं होतात आणि लेझरचा हिशोब कट किती लांब आणि टोचायचं किती वेळा यावर असतो. शेवटी कूलर आणि कार्डाच्या पंख्यांसमोर भोकं ठेवली आणि वरच्या बाजूला लांब फटी दिल्या. दिसायला पण त्याच बऱ्या दिसतायत.

बेंडिंगवर एक काका होते, वय साठीच्या आसपास, चष्मा कपाळावर. त्यांनी माझा कापलेला पत्रा घेतला, पट्टी लावली आणि विचारलं, "बेंडला किती सोडलंय?"

पत्रा वाकताना ताणला जातो, म्हणून कापतानाच प्रत्येक बेंडमागे लांबीतून थोडं कमी धरायचं असतं, ते हे. मी म्हटलं सॉफ्टवेअरनी काढलंय, प्रत्येक बेंडला २.८६ मिमी.

"कशाला एवढं? बाराच्या पत्र्याला दोन सोडायचं."

बाराचा म्हणजे १.२ चा. मी त्यांना के फॅक्टर (त्या ताणाच्या हिशोबातला आकडा) वगैरे सांगायला लागलो, त्यांनी ऐकून घेतलं, मान पण डोलावली आणि म्हणाले, "काय बी सांगू दे तुमचा कॉम्प्युटर, माझ्या डायवर दोनच जातंय." आणि पत्रा वाकवून हातात दिला. दोन्ही बाजू पाऊण मिमीनी आखूड! घरी येऊन बघितलं तर सॉफ्टवेअरमध्ये आतल्या वळणाची त्रिज्या ३ मिमी तशीच राहिलेली, डिफॉल्ट, आणि त्यांच्या डायवर (वाकवायच्या साच्यावर) ती सव्वा मिमीच्या आसपास येते. खरी त्रिज्या टाकून परत काढलं तर आलं २.०९. काकांचे दोन.

पाऊण मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एम३ स्क्रूसाठी भोक असतं ३.२ चं. झाकणाचं भोक आणि खालचं भोक यात चंद्रकोरीएवढा फरक दिसत होता आणि स्क्रू काही केल्या जाईना. गोल कानस घेऊन रविवारची पूर्ण दुपार आठ भोकं लंबगोल केली. परत कापायला टाकलं असतं तर सरळ पैसे दुप्पट.

पावडर कोटिंग काळं, मॅट. इथे एक महत्त्वाचं, कोटिंग वीज वाहू देत नाही, त्यामुळे पॉवर सप्लायच्या स्क्रूखाली आणि जिथे दोन पत्रे जुळतात तिथे आधीच मास्किंग टेप लावायला सांगा, नाहीतर नंतर खरवडत बसा, म्हणजे सगळ्या बॉडीला अर्थिंग मिळतं. मी खरवडत बसलो. एवढं करून पुण्यात सगळं छान आणि कराडला नेल्यावर हात लावला की झिणझिण्या. टेस्टर लावला तर मंद पेटतोय. वायरमनला बोलावलं, त्यानी भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, तिसऱ्या पिनला वायरच नव्हती. म्हणजे इतकी वर्षं त्या सॉकेटवर अर्थिंग नव्हतंच, फक्त प्लास्टिकच्या वस्तूंमुळे कुणाला कळलं नाही.

रायजरचं थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा चालू केलं, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. तासभर घाम. कार्ड जेन ४ (जोडणीची नवी, जास्त वेगाची पिढी) आणि मी स्वस्तातली म्हणून घेतलेली रायजर जेन ३ ची. कार्ड थेट बोर्डात खोचलं, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन ३ वर सेट केला, परत रायजर लावली, चालू. ३०६० ला मला तरी फरक जाणवत नाही, त्यामुळे तशीच ठेवलीये.

राहिला उन्हाळा. यूट्यूबवर जे टेंपरेचर दाखवतात ते वीस-बावीस डिग्रीच्या खोलीतलं असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी खोलीच छत्तीस, म्हणजे त्यांच्या आकड्यात सरळ चौदा-सोळा मिळवा. रायझेन ५६०० प्रोसेसरला इको मोडला (कमी विजेवर चालवायची सेटिंग) ४५ वॅटवर बांधलं, कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवलं, आणि गाडी पंचाहत्तरच्या आसपास राहायला लागली.

मग मागच्या आठवड्यात कराडला अचानक नव्वद. पंखे नुसते बोंबलतायत. मी आधी प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकली का बघायचं ठरवलं, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलो, तर डब्यावर क्रोशाचा रुमाल. वरच्या सगळ्या फटी झाकून, चारी कोपरे नीट सारखे करून, आणि त्यावर गणपतीची छोटी मूर्ती. म्हटलं आई अगं गरम हवा जायची जागा आहे ती. तर म्हणाली मग उघडी कशाला ठेवलीस, धूळ जातीये की आत. आता वरून लावायला बारीक जाळी शोधतोय, लेसची किनार असलेली मिळाली तर दोघांचं भागेल. मूर्ती आहे तिथेच आहे, मध्ये फट नव्हती नशिबानी.