मोठी वस्तू

नेमका डोळा लागत असताना भाच्याचा ऑस्लोहून फोटो आला. पिवळ्या विटांची, समोरून गोल अशी इमारत आणि खाली ओळ : 'मामा, इथल्या संसदेचं नाव मोठी वस्तू!' स्टोर म्हणजे मोठं, टिंग म्हणजे वस्तू. स्टोर्टिंग. झोप गेलीच.

हे टिंग म्हणजे इंग्रजीतलं थिंग. या शब्दापायी शाळेत फार बोलणी खाल्लीत. निबंधात थिंग दिसलं की बाई लाल शाईनं गोल करायच्या, "नाव नाही का त्याला?" घरी मात्र कारभार 'ते हे'वर चालायचा. आजी "ते हे द्या" म्हणायची आणि आजोबा बरोबर अडकित्ता पुढं करायचे.

तर टिंग ही मुळात वस्तू नव्हेच, सभा. इ.स. ९३० पासून आइसलंडची माणसं थिंगवेत्लिरला उघड्यावर जमायची, ते आल्थिंग. तिथं कायदा सांगणारा एक जण असे. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ; दर उन्हाळ्यात एक तृतीयांश म्हणायचा, तीन वर्षांत कायदा पुरा. डेन्मार्कची संसद आजही फोल्केटिंग. सभेपुढं येणारं प्रकरण तेही टिंग, मग कुठलीही बाब, आणि घसरत घसरत वस्तू. इंग्रजांनी सभा विसरून नुसती वस्तू ठेवली. त्यांच्या निवडणुकीतल्या प्रचारसभांना 'हस्टिंग्ज' म्हणतात, त्या शब्दात तेवढी ती जुनी सभा लपून आहे.

इंग्रजांना हसणार होतो, तेवढ्यात आपली 'गोष्ट' आठवली. गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा, गोष्ठी म्हणजे चार माणसांची बैठक, तिथलं बोलणं. आणि आता? "एक गोष्ट सांगू का, फ्रिजचं दार उघडं आहे."

आजोळी गोठ्याला लागूनच पडवी होती. (म्हशीच होत्या, पण म्हणायचं गोठाच.) आजी तिथं गोष्ट सांगायची, पलीकडे शेपट्यांचे फटकारे. तिचा राजा चोराला सोमवारी सुळावर द्यायचा, गुरुवारी जावई करून घ्यायचा. हरकत घेतली की म्हणायची, "तो दुसरा राजा." तिला थिंगवेत्लिरच्या खडकावर उभी केली असती तर आइसलंडमध्ये एक चोर शिल्लक राहिला नसता. सगळे जावई.

भाच्याला हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला.

स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, ते हे आणा जरा!" सांडशी नेऊन दिली.

झारा हवा होता.