कोणाच्या हातात काय

निवडणूक लागली की आमच्या साप्ताहिकात उमेदवारांची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे येतं. फोटो, शिक्षण, शपथपत्रातली मालमत्ता, गुन्हे. मतदाराला हे कळण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच मान्य केला. पण कोणाच्या नावावर किती कलमं आहेत, एवढ्यावर मत कसं ठरणार?

म्हणून जिल्हा परिषदेच्या वेळी मालवणकडच्या एका गटातल्या तिन्ही उमेदवारांना मी तेच प्रश्न लेखी पाठवले आणि उत्तरांचा तक्ता केला. वाटलं, एकानेच तिघांचे अर्ज भरलेत. एलईडी मासेमारी, म्हणजे समुद्रात प्रखर दिवे लावून मासे गोळा करून पकडणं, बंद करणार? तिघेही. मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण करून घेणार? तिघेही, त्यातले एक 'युद्धपातळीवर'.

असला तक्ता छापून कागद फुकट घालवण्यात अर्थ नव्हता. मी शेवटी एक रकाना वाढवला: 'हे जिल्हा परिषदेच्या हातात आहे का?' महामार्ग केंद्राचा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी 1981 च्या राज्य कायद्याखाली येते आणि कारवाई मत्स्यव्यवसाय खातं करतं. त्यापुढे केंद्र, ज्याने एलईडीवर 2017 मध्येच बंदी घातली आहे. झेडपीकडे प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, नळयोजना, गावातले रस्ते.

लोकांना हे समजतंय का ते पाहायला प्रूफ घेऊन किनाऱ्यावर गेले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, नुकतीच ओढून झाली होती. पाटीत चार बांगडे आणि बाकी सगळा कचरा. एका काकांनी ओल्या बोटाने एलईडीच्या ओळीखाली रेघ ओढली, शाई पसरली.

"हेच्या हातात न्हय तर ह्यो माका दर्याचो शब्द कित्याक देता गो?"

"मतं हवीत म्हणून, काका."

"मगे जा हातात आसा, ता इचार."

तेच विचारायचं ठरलं. बंदराकडे जाणारा रस्ता उखडलाय, वरच्या वाडीचा तर अजून मातीचाच आहे. दुपारी तिघांनाही फोन केला: पैसे एकाच रस्त्यापुरते आले तर आधी कुठला? एक म्हणाले बंदराचा, मासळीचे टेम्पो अडकतात. दुसरे म्हणाले वरच्या वाडीचा, पावसात आजारी माणूस खाली आणायला डोली करावी लागते. दोन्ही उत्तरांना कारण होतं, दोन्हीत कुणीतरी नाराज होणार होतं. तक्त्यात पहिल्यांदाच दोन रकाने वेगळे दिसले.

तिसरे म्हणाले, "दोन्ही." पैसे एकाचेच आहेत, असं परत सांगितलं. तरी "दोन्ही." मी लिहिलं, 'निवड केली नाही.'

संध्याकाळी त्यांचा कार्यकर्ता कचेरीत हजर. "ताई, ह्या काढा. साहेबांका मुद्दाम वायट दाखवताय." उत्तर बदलायचं असेल तर लेखी द्या, वेळेसकट छापते, एवढंच मी म्हटलं. संपादकांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा जाहिरातींच्या पानात डोकं घातलं. त्या उमेदवाराची अर्ध्या पानाची जाहिरात त्याच अंकात होती. ती तशीच राहिली, माझी ओळही राहिली.

अंक छपाईला जाताना साहेबांचा स्वतःचा फोन आला. आवाज गोड.

"वरच्या वाडीचा रस्ता घाला. पण ताई, बंदरावर अंक कधी वाटणार तुम्ही? मतदानानंतर वाटला तर नाही का चालणार?"